सेन्सर, पंप आणि ईसीजी पॅच: कोकणच्या दमट हवेत त्वचेचा संसर्ग टाळण्याची पद्धत

दंडावर लावायचा साखरेचा सेन्सर, पोटावर बसवायचा इन्सुलिन पंप आणि हृदयाच्या ठोक्यांची नोंद ठेवण्यासाठी छातीवर चिकटवायचा ईसीजी पॅच ही उपकरणे आता अलिबागपासून सावंतवाडीपर्यंतच्या घरांत दिसू लागली आहेत. त्यांच्यासोबत येणारे माहितीपत्रक कोकणचा पाऊस, आंब्याचा चीक आणि खाडीचे पाणी गृहीत धरत नाही, आणि म्हणून पत्रक नीट वाचणाऱ्या माणसांकडूनही त्याच त्या दोन चुका होत राहतात. स्पिरिटने पुसलेली त्वचा पुरती वाळण्याआधीच पॅच लावला जातो, आणि पॅचची कड सुटली की खालची ओल तशीच ठेवून वरून दुसरी चिकटपट्टी दाबली जाते. या लेखातील सगळा क्रम त्वचा आणि पॅच यांच्यामध्ये ओल अडकू न देण्यासाठी लावलेला आहे. त्यामुळे टप्पे पुढेमागे करू नयेत.

आधी उपकरणाचा प्रकार ओळखावा

साखरेच्या सेन्सरचा केसासारखा बारीक तंतू त्वचेखाली राहतो. फ्रीस्टाइल लिब्रे या सेन्सरचा तंतू सुमारे ५ मिलिमीटर लांब असून तो दंडाच्या मागच्या बाजूस १४ दिवसांपर्यंत ठेवतात. इन्सुलिन पंपाची बारीक नळी, म्हणजे कॅन्युला, हीसुद्धा त्वचेत शिरते आणि ती साधारण दर २ ते ३ दिवसांनी बदलावी लागते. या दोन्हींत त्वचेला छिद्र पडते, आणि तेच छिद्र जंतूंचा रस्ता असतो. ईसीजी पॅच त्वचेला भोक पाडत नाही, मात्र तो कित्येक दिवस एकाच जागी राहत असल्याने त्याच्याखाली त्वचा भिजून पांढरट व मऊ पडणे आणि केसांच्या मुळाशी पुळ्या येणे हा त्याचा मुख्य धोका आहे.

टप्पा १: आदल्या दिवशीची तयारी

उपकरणाच्या वेष्टनावरील मुदत आणि सील तपासावे. वेष्टन फुगलेले, फाटलेले किंवा ओल लागलेले असेल तर आतली वस्तू निर्जंतुक राहिली असे धरता येत नाही. ती महाग असली तरी वापरू नये आणि विक्रेत्याकडून बदलून घ्यावी. साठवणुकीचे तापमान वेष्टनावर छापलेले असते, ते पाळावे. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत किंवा घरी चुलीजवळच्या फळीवर ठेवलेला सेन्सर भरवशाचा राहत नाही.

ज्या जागी पॅच लावायचा तेथे केस दाट असतील तर ते आदल्या दिवशी कात्रीने किंवा ट्रिमरने आखूड करावेत. वस्तऱ्याने गुळगुळीत दाढी केल्यास डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात आणि त्यांवरच पॅच बसतो. ईसीजी पॅच लावताना तंत्रज्ञ छाती स्वतः तयार करतात, त्यामुळे त्यासाठी घरून दाढी करून जाऊ नये.

आदल्या रात्रीपासून त्या जागी खोबरेल तेल, क्रीम, पावडर किंवा वेदनाशामक मलम लावणे बंद करावे. आंघोळीनंतर अंगाला तेल चोळण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, आणि पॅच दुसऱ्याच दिवशी सुटण्याचे ते एक मोठे कारण असते.

दिवसही विचार करून निवडावा. लावणीच्या दिवसांत शेतावरून परत आल्याबरोबर, किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे होडीने मासेमारीला जायचे असताना, नवा पॅच लावू नये. लावल्यानंतरचा पहिला दिवस शक्यतो घरात, कमी घामाचा असावा.

*तपासणी:* त्वचेवर घामोळे, गजकर्ण, खरूज, उघडी जखम किंवा पूर्वीच्या पॅचची न मिटलेली खूण आहे का? असल्यास जागा बदलावी. गजकर्ण अंगभर असल्यास आधी त्याचे उपचार पूर्ण करण्याबाबत डॉक्टरांशी बोलावे.

टप्पा २: जागेची निवड

माहितीपत्रकात मान्य केलेल्या जागांपैकीच जागा निवडावी. पोटावर लावायचे असल्यास बेंबीपासून किमान ५ सेंटिमीटर अंतर सोडावे. इन्सुलिनची इंजेक्शने घेऊन जेथे गाठी किंवा जाड कडक त्वचा झाली आहे ती जागा टाळावी, कारण तेथे सेन्सर चुकीचे आकडे देऊ शकतो आणि पंपातले इन्सुलिन नीट शोषले जात नाही.

रोजच्या हालचालीचाही विचार करावा. परकराची नाडी, पँटचा पट्टा, खांद्यावरच्या पिशवीचा बंद, डोक्यावरून उतरवलेली पाटी जेथे टेकते ती बाजू, ही सर्व घर्षणाची ठिकाणे आहेत. एका कडेला रोज घर्षण होत राहिले की तेथे बारीक फट पडते, फटीत घाम आणि धूळ साचून काळपट रेघ तयार होते, आणि ती रेघ दिसू लागली म्हणजे पॅचखालची जागा बाहेरच्या घाणीला उघडी झाली असे समजावे. ज्या कुशीवर झोपण्याची सवय आहे त्या दंडाऐवजी दुसरा दंड निवडावा.

टप्पा ३: आंघोळ आणि हात

साध्या साबणाने आंघोळ करावी. मऊपणासाठी तेल किंवा क्रीम मिसळलेले साबण त्वचेवर पातळ थर सोडतात, म्हणून त्या दिवशी ते वापरू नयेत. पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढूळ होते. पूर्ण आंघोळीसाठी शक्य नसले तरी पॅचची जागा आणि हात उकळून थंड केलेल्या पाण्याने धुवावेत.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. बंबातल्या कढत पाण्याने आंघोळ केल्यावर शरीर पुढची १५ ते २० मिनिटे घाम सोडत राहते, आणि हवा दमट असल्याने तो घाम वाळत नाही. म्हणून आंघोळीनंतर अंग पुसून पंख्याखाली शांत बसावे, चहा, कामे आणि कपडे वाळत घालणे नंतरसाठी ठेवावे, आणि मान व पाठ कोरडी लागेपर्यंत पॅचच्या डब्याला हात लावू नये. शक्य असल्यास आंघोळ कोमट पाण्यानेच करावी.

अंग पुसण्यासाठी घरातला सामाईक पंचा वापरू नये. जून ते सप्टेंबर माजघरातल्या दोरीवर टाकलेला पंचा पुरता वाळतच नाही, त्याला कुबट वास येतो, आणि गजकर्ण घरातल्या एकापासून दुसऱ्याकडे जाण्याचा तो नेहमीचा मार्ग आहे. पॅचच्या जागेसाठी एक लहान सुती फडके वेगळे ठेवावे, धुतल्यावर त्यावर गरम इस्त्री फिरवावी आणि ते बंद पिशवीत ठेवावे.

नखे कापलेली असावीत. हात साबणाने २० सेकंद चोळून धुवावेत, नखांच्या कडाही चोळाव्यात. दुसऱ्या कोणी पॅच लावून देणार असेल तर त्या व्यक्तीनेही तसेच करावे. त्वचेला संसर्ग करणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू अनेक निरोगी माणसांच्या नाकात आणि त्वचेवर सहज राहतो, त्यामुळे हात धुतल्यानंतर नाक, तोंड, केस किंवा मोबाईल यांना स्पर्श झाला तर हात पुन्हा धुवावेत.

टप्पा ४: पुसणे आणि वाळवणे

७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलची पाकीटबंद पुसणी औषधाच्या दुकानात मिळते, ती वापरावी. मधोमध सुरुवात करून गोल फिरवत बाहेरच्या दिशेने जावे, आणि बाहेर गेलेली पुसणी पुन्हा मध्यावर आणू नये. पुसलेला भाग पॅचच्या आकारापेक्षा बोटभर मोठा असावा.

हातांसाठीचे सॅनिटायझर येथे चालत नाही, कारण त्यातील ग्लिसरीनमुळे चिकटपणा कमी होतो. डेटॉलसारखे जंतुनाशक थेट किंवा कमी पाणी घालून लावल्यास त्वचा भाजते. हळद, लिंबू, कडुलिंबाचा पाला यांचा लेप देऊ नये. त्यांचे कण छिद्रात जातात. पोव्हिडोन आयोडीन फक्त डॉक्टरांनी सांगितल्यासच वापरावे.

आता वाळण्याची वाट पाहावी. अल्कोहोल हवेत उडून जाताना त्याचे काम पुरे होते. ओल्या त्वचेवर पॅच दाबल्यास ते खालीच अडकते, त्वचेला झोंबते आणि गोंदही सैल पडतो. कोरड्या हवेत यासाठी अर्धा मिनिट पुरतो. आषाढ-श्रावणात किनाऱ्यालगतच्या घरांत मात्र दीड ते दोन मिनिटे थांबावे. तोंडाने फुंकर घालू नये, फडक्याने टिपू नये, हाताने वारा घालू नये.

*तपासणी:* उजेडात तिरक्या नजरेने पाहावे. त्वचेवरची ओली चकाकी पूर्ण गेलेली असावी आणि तेथे जाणवणारा थंडावा संपलेला असावा. बोट लावून खात्री करू नये, कारण बोट लागले की पुसणे पुन्हा करावे लागते.

ज्यांची त्वचा नाजूक आहे किंवा ज्यांचा पॅच सतत सुटतो त्यांना डॉक्टर त्वचेवर संरक्षक थर देणारी पुसणी सुचवतात. तिचा क्रम अल्कोहोल वाळल्यानंतरचा आहे, आणि तीही स्वतंत्रपणे वाळू द्यावी लागते.

टप्पा ५: पॅच लावणे

वेष्टन या क्षणापर्यंत बंद असावे. ते फोडल्यावर सुईला, तंतूला आणि पॅचच्या चिकट बाजूला स्पर्श न करता उपकरण लगेच लावावे. लावल्यावर कडांवरून बोट फिरवत १० ते १५ सेकंद दाब द्यावा. हा गोंद दाबाने पकड घेतो. रक्ताचा बारीक ठिपका दिसणे चालते, पण रक्त पॅचखाली पसरू लागले तर उपकरण काढून जागा स्वच्छ करावी आणि नवे दुसरीकडे लावावे, कारण साचलेल्या रक्तावर जंतू चांगले वाढतात.

लावल्याची तारीख, वेळ आणि जागा स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लिहावी.

*इशारा:* एकदा काढलेला किंवा मुदत संपलेला सेन्सर पुन्हा टोचू नये. ट्रान्समीटर, म्हणजे सेन्सरचे आकडे मोबाईलकडे पाठवणारा भाग, पुन्हा वापरण्याची सोय काही उपकरणांत असते, पण त्वचेत जाणारा भाग नेहमीच एकदा वापरण्याचा असतो. पैसे वाचवण्यासाठी पंपाचा सेट, म्हणजे कॅन्युला आणि तिला जोडलेले भाग, पाच-सहा दिवस चालवणे हे तर थेट संसर्गाला बोलावणे आहे.

टप्पा ६: रोजची देखभाल

सकाळी आंघोळीनंतर आणि रात्री झोपण्यापूर्वी, असे दिवसातून दोनदा पॅच पाहावा. दंडाच्या मागची जागा स्वतःला दिसत नाही, म्हणून घरातल्या कोणाला तरी पाहायला सांगावे किंवा मोबाईलने फोटो काढून कालच्या फोटोशी ताडून पाहावा. कडेला बाहेरून हलके दाबल्यावर दुखते का, आसपासची त्वचा दुसऱ्या दंडापेक्षा गरम लागते का, हेही तपासावे.

कड सुटू लागल्यास आधी तेथील ओल वेगळ्या फडक्याने टिपावी, वाळू द्यावी, सुटलेला भाग अगदी थोडा असेल तर कात्रीने गोलसर कापावा आणि मगच हवा खेळती ठेवणारी वैद्यकीय पट्टी लावावी. सेन्सरच्या मध्यभागी असलेले छोटे छिद्र झाकू नये. सेलोटेप, पॅकिंगची पट्टी किंवा झटपट चिकटणारा गोंद कधीही वापरू नये. पाव भागापेक्षा जास्त कड सुटली असेल किंवा पॅचखाली पाणी शिरल्यासारखे दिसत असेल तर ते उपकरण वाचवण्याचा प्रयत्न सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे; संसर्गाचा उपचार नव्या सेन्सरपेक्षा महाग पडतो आणि मधुमेहात तो लांबतोही.

*पाणी:* लिब्रेसारखा सेन्सर १ मीटर खोलीपर्यंत ३० मिनिटे पाण्यात टिकतो असे त्याचे उत्पादक सांगतात. मे महिन्यात विहिरीत सूर मारणारी मुले याहून खोल जातात. समुद्राच्या आणि खाडीच्या कोमट पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जंतू असतात. त्यांचा जखमेतला संसर्ग विरळा, पण झपाट्याने वाढणारा असतो आणि यकृताच्या आजारात व मधुमेहात तो अधिक धोक्याचा ठरतो. म्हणून पॅच नवा असताना किंवा त्याची कड सुटलेली असताना पाण्यात उतरू नये. कड शाबूत असतानाही समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन जागा टिपून वाळवावी.

*शेत:* लावणीच्या चिखलातून आणि साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि त्याचे जंतू त्वचेवरच्या लहान जखमेतूनही शिरतात. त्या हंगामात मांडीऐवजी दंडाची किंवा पोटाची जागा डॉक्टरांशी बोलून निवडावी. प्लास्टिकच्या रेनकोटाखाली अंग पावसाने नव्हे तर घामाने भिजते, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. दुपारी जेवणाला बसताना रेनकोट काढून पॅचभोवतीची त्वचा टिपावी.

*आंबा आणि काजू:* आंब्याच्या देठाचा चीक त्वचा भाजतो, आणि काजूच्या टरफलातल्या तेलाने फोड येतात. हंगामात अशा हातांनी पॅचची कड चाचपली तर तेथे उठणारे चट्टे संसर्गासारखे किंवा पॅचच्या ॲलर्जीसारखे दिसतात. बागेतून किंवा काजू फोडण्याच्या कामावरून आल्यावर आधी हात साबणाने धुवावेत. मासे साफ केल्यानंतरही हाच नियम पाळावा.

टप्पा ७: लालसरपणा पाहून काय समजावे

पॅचच्या गोंदाची ॲलर्जी बहुधा पॅचच्या आकाराचीच असते: चौकोनी पॅचखाली चौकोनी, गोल पॅचखाली गोल. तिला खाज जास्त आणि दुखणे कमी असते. काही गोंदांतील ॲक्रिलेट नावाची रसायने, विशेषतः आयसोबॉर्निल ॲक्रिलेट, हे याचे माहीत असलेले कारण आहे. अशी ॲलर्जी दुसऱ्या-तिसऱ्या पॅचनंतरही सुरू होऊ शकते, त्यामुळे पहिला पॅच सहन झाला म्हणून ती शक्यता नाकारू नये.

संसर्गाची सुरुवात छिद्रापासून होते. तेथे दुखते, ठणकते, गरम लागते, सूज कडक होते, पुढे पू दिसतो आणि लाली पॅचच्या आकाराबाहेर पसरत जाते.

गजकर्णाची कड उठावदार, खवलेदार आणि गोलाकार असते, मध्यभाग त्या मानाने साफ दिसतो आणि खाज येते.

शंका असल्यास लालीच्या कडेने साध्या पेनाने रेघ मारून बाजूला वेळ लिहावी. काही तासांत लाली रेघेबाहेर गेली तर तो त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाण्याचा संकेत आहे.

*इशारा:* औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली मलमे अशा वेळी लावू नयेत. त्यातील स्टेरॉइडमुळे लाली आणि खाज दोन दिवस दबते, आजार बरा झाल्याचा समज होतो, आणि दरम्यान बुरशी आतून पसरत राहते. अशा मलमांनी रूप बदललेले गजकर्ण ओळखायला त्वचारोगतज्ज्ञांनाही वेळ लागतो.

टप्पा ८: काढणे, जागेला विश्रांती आणि विल्हेवाट

हात धुवावेत. कडेला थोडे खोबरेल तेल लावून पाच मिनिटे थांबावे. या टप्प्यावर मात्र तेल उपयोगी आहे. एका हाताने त्वचा धरून ठेवावी आणि पॅच वर न ओढता त्वचेला जवळजवळ समांतर, केसांच्या दिशेने हळूहळू काढावा. हिसका दिल्यास त्वचेचा वरचा पापुद्रा निघतो. तंतू किंवा नळी पूर्ण बाहेर आली आहे का ते उजेडात पाहावे. तुटलेली वाटल्यास स्वतः खणून काढू नये. नंतर तेल साबणाने धुऊन जागा कोरडी करावी आणि उघडी ठेवावी. पुढचा पॅच दुसऱ्या बाजूस लावावा आणि आधीच्या जागेला खूण पूर्ण मिटेपर्यंत विश्रांती द्यावी.

लावण्याच्या यंत्रात सुई असते. ते यंत्र झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत ठेवून, बाटलीवर तसे लिहून, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा दवाखान्यात आधी विचारून द्यावे. सेन्सरमध्ये आणि काही पंपांमध्ये बॅटरी असते, म्हणून ते परसातल्या पातेऱ्याबरोबर जाळू नये आणि वहाळातही टाकू नये.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

पू, पसरणारी लाली, छिद्रापासून वर जाणारी लाल रेघ, कडक दुखरी गाठ किंवा ताप यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी जावे. मधुमेह असलेल्यांनी सकाळपर्यंत वाट पाहू नये. गाठ दाबून पू काढू नये. थंडी वाजून ताप, गोंधळल्यासारखे बोलणे, धाप लागणे किंवा लघवी कमी होणे अशी लक्षणे असल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पंप वापरणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. जागेला संसर्ग झाला की इन्सुलिन शोषले जाणे बिघडते आणि संसर्गामुळे साखरही वाढते, म्हणून कारण नसताना साखर २५० च्या वर जाऊन नेहमीच्या डोसने उतरत नसेल तर सेट लगेच बदलावा, कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर रक्तात आणि लघवीत वाढणारी आम्ले) तपासावेत आणि डॉक्टरांनी आधी ठरवून दिलेल्या प्रमाणात पेनने किंवा सिरिंजने इन्सुलिन घ्यावे. त्यासाठी पेन आणि सुया घरात कायम असाव्यात. पावसात दरड कोसळून घाट बंद झाला तर या वस्तू तालुक्याहून आणणे शक्य होत नाही.

जाताना काढलेले उपकरण बंद पिशवीत, त्याचे वेष्टन, रोजचे फोटो आणि लावलेल्या मलमांच्या नळ्या बरोबर न्याव्यात. गेल्या दोन-तीन आठवड्यांत चिखलात, पुराच्या पाण्यात, समुद्रात किंवा खाडीत उतरला असाल तर ते डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आधी सांगावे, कारण लेप्टो आणि व्हिब्रिओ या दोन्हींसाठी औषधांची निवड त्यावर ठरते.